आट्यांचा हिशेब

लातूरच्या गंजगोलाईभोवतीच्या किंवा नांदेडच्या वजिराबादेतल्या एखाद्या हार्डवेअरच्या दुकानात जाऊन ‘अर्धा इंची नळ द्या’ म्हणून बघा. जाणता दुकानदार लगेच नळ काढून काउंटरवर ठेवत नाही. आधी विचारतो, ‘मामा, लोखंडी पाइपाला लावायचाय का प्लास्टिकच्या?’ मग, ‘आटे आतले का बाहेरचे?’ मग, ‘पालिकेच्या लाइनवर का टाकीवर?’ आणि शेवटी, ‘जुना आणलाय का सोबत?’ गिऱ्हाइकाला वाटते, एवढ्याशा वस्तूसाठी हा माणूस केवढी उलटतपासणी घेतोय. पण हे चार प्रश्न टाळले की नळ घरी जातो, बसत नाही, संध्याकाळी परत दुकानात येतो. किंवा त्याहून वाईट म्हणजे जोर लावल्यावर बसतो आणि महिन्याभराने भिंतीत ओल दिसू लागते.

नळ विकत घेताना आपण त्याची चकाकी बघतो, कंपनी बघतो, किंमत बघतो. आटे कोणी बघत नाही. अंगणातली तोटी असो, टँकरचा कॉक असो की बारमधल्या बिअरच्या नळाची मूठ असो, तिचे आयुष्य ठरते ते आट्यांच्या त्या बोटभर पट्ट्यात. हे प्रकरण त्या पट्ट्याबद्दल आहे.

अर्धा इंच, पण कशाचा?

अर्ध्या इंची लोखंडी पाइपाला फूटपट्टी लावली तर अर्धा इंच कुठेच सापडत नाही. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. पाइपाचा बाहेरचा व्यास भरतो २१.३ मिलिमीटर आणि मध्यम जाडीच्या पाइपाची आतली पोकळी साधारण १६ मिलिमीटर. मग अर्धा इंच आला कुठून? जुन्या जाड भिंतीच्या पाइपांची पोकळी अर्ध्या इंचाच्या आसपास असे. पुढे पोलाद सुधारले, भिंती पातळ झाल्या. आटे पाइपाच्या बाहेरच्या अंगावर पडतात, म्हणून बाहेरचे माप बदलता येईना. ते तसेच ठेवले आणि पोकळी वाढत गेली. नाव मात्र जुनेच राहिले.

भारतात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला. कागदोपत्री हा पाइप ‘१५ मिलिमीटर’चा झाला, पण दुकानात आजही तो अर्धा इंची, पाऊण इंची, एक इंचीच आहे. याच्या पलीकडचे माप म्हणजे सूत. इंचाचे आठ सूत. बोल्ट-नटाच्या दुनियेत तीन सूत म्हणजे ३/८ इंच. हे तीन सूत लक्षात ठेवा, बिअरच्या नळाजवळ त्याची गरज पडणार आहे.

लोखंडी पाइप घेताना त्यावरचा रंगीत पट्टाही बघावा. भारतीय मानकानुसार पिवळा पट्टा म्हणजे हलका ‘ए’ वर्ग, निळा म्हणजे मध्यम ‘बी’ आणि लाल म्हणजे जड ‘सी’. आटे पाडणे म्हणजे पाइपाची भिंत खरवडून पातळ करणे. पिवळ्या पट्ट्याच्या पाइपाला आटे पाडले की खाली धातू थोडाच उरतो, आणि गंज सर्वांत आधी तिथेच धरतो. जुन्या घरांत पाइप मधोमध फुटत नाही, जोडाशी फुटतो, त्याचे एक कारण हे.

पंचावन्न अंश आणि साठ अंश

आट्यांना तीन गोष्टींनी ओळखतात: व्यास, एका इंचात किती आटे, आणि दातांचा कोन. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत इंग्लंडमध्ये प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे होते. एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर चढेल याची खात्री नसे. जोसेफ व्हिटवर्थ या यंत्रकाराने वेगवेगळ्या कारखान्यांतले स्क्रू गोळा केले, मोजले, त्यांचा मध्य काढला आणि १८४१ साली एक समान पद्धत मांडली. तिच्यात दातांचा कोन ५५ अंशांचा होता. पाइपांच्या ब्रिटिश आट्यांचा पाया तोच आहे. इंग्रजांबरोबर ते आटे आपल्याकडे आले आणि राहिले. आज नांदेडच्या गल्लीत प्लंबर ज्या डायने आटे मारतो, तिच्यात हाच ५५ अंशांचा कोन असतो. अर्ध्या इंचाला आणि पाऊण इंचाला इंचामागे १४ आटे, एक इंचीला ११.

अमेरिकेने वेगळी वाट धरली. विल्यम सेलर्स यांनी १८६४ साली फिलाडेल्फियात ६० अंशांचा कोन सुचवला. कारागिराला तो पाडायला आणि तपासायला सोपा होता. अमेरिकी पाइपांच्या आट्यांतही हाच कोन आला. घोळ असा की अमेरिकी अर्ध्या इंची पाइपालाही इंचामागे १४ च आटे आहेत. व्यासातही अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर फरक. त्यामुळे बाहेरून मागवलेल्या यंत्राचा अमेरिकी जोड आपल्या सॉकेटात दोन-तीन फेरे आनंदाने जातो आणि मग कडक होतो. माणसाला वाटते, घट्ट बसला. प्रत्यक्षात ५५ अंशांच्या खाचेत ६० अंशांचा दात गेलेला असतो, दोन्हींच्या मध्ये गोल फिरत जाणारी फट राहते, आणि पाणी त्या फटीतून शांतपणे बाहेर येते. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रांचे, प्रेशर पंपांचे, कॉफीच्या मशीनचे जोड गळतात तेव्हा ही तपासणी आधी करावी.

आटे न जुळण्याची सर्वांत महागडी किंमत बाल्टिमोर शहराने मोजली. ७ फेब्रुवारी १९०४ रोजी तिथे आग लागली. वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्कहून बंब धावून आले. पाणी होते, बंब होते, माणसे होती. पण पाहुण्या बंबांच्या नळ्या बाल्टिमोरच्या रस्त्यावरच्या नळांना बसेनात, कारण प्रत्येक शहराच्या आट्यांचे माप वेगळे. पंधराशेहून अधिक इमारती जळाल्या. पुढच्याच वर्षी अमेरिकेत बंबांच्या जोडांसाठी राष्ट्रीय मानक ठरले.

पाणी अडवतो कोण?

बहुतेकांची समजूत अशी की आटे पाणी अडवतात. सगळेच आटे अडवत नाहीत, आणि फिटिंग निवडताना होणाऱ्या बहुतेक चुका या समजुतीतून होतात.

आटे दोन जातींचे. एक निमुळते. पाइपाच्या टोकाला पाडलेले आटे पुढे बारीक होत जातात, दर १६ मिलिमीटर लांबीला व्यासात एक मिलिमीटर या प्रमाणात. असा पाइप सॉकेटात जसजसा आत जातो तसतसा पाचरीसारखा आवळत जातो. उरलेल्या फटी भरायला पूर्वी सफेदा आणि ताग लावत, आता टेफलॉनची पांढरी टेप गुंडाळतात. इथे पाणी खरोखर आट्यांतच अडते.

दुसरे आटे सरळ. त्यांचा व्यास टोकापासून मुळापर्यंत सारखा. वॉश बेसिनखालच्या लवचीक नळीचा नट, शॉवरच्या नळीचा नट, पाण्याच्या मीटरचा जोड ही त्याची उदाहरणे. इथे आट्यांचे काम फक्त दाबून धरण्याचे. पाणी अडवतो तो आतला रबरी वायसर. अशा जोडावर टेपचे दहा थर दिले तरी उपयोग नाही. उलट जाड थरामुळे नट पूर्ण चढत नाही, वायसरवर दाब येत नाही आणि गळती वाढते. गळणाऱ्या बेसिनखाली वाकून टेपवर टेप गुंडाळणाऱ्याने एकदा नट काढून वायसर बघावा. तो बहुधा चिरलेला, कडक झालेला किंवा गायब असतो.

टेपचीही एक रीत आहे. आट्यांचे तोंड आपल्याकडे करून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळायची, म्हणजे जोड आवळताना ती उलगडत नाही. पहिला आटा मोकळा सोडायचा, म्हणजे टेपचा तुकडा आत जाऊन तोटीत अडकत नाही.

प्लास्टिकच्या पाइपांनी नवा प्रश्न आणला. प्लास्टिकच्या आतल्या आट्यांत पितळी नळ आवळला की पाचर प्लास्टिकला आतून फाकवते. त्या दिवशी काही दिसत नाही. उन्हाने, दाबाने, नळाला टांगलेल्या बादलीच्या वजनाने काही महिन्यांत फिटिंगला उभी चीर जाते. म्हणून जिथे धातूचा नळ बसणार आहे तिथे आत पितळी आटे बसवलेला एल्बो किंवा जोड घ्यावा. तो थोडा महाग पडतो, पण टाइल फोडण्यापेक्षा स्वस्त असतो. आणि टाइलची जाडी वाढल्यामुळे नळ भिंतीत आतपर्यंत पोहोचत नसेल, तर दोन आट्यांवर नळ टांगू नये. एक्स्टेन्शन निपल नावाचा छोटा तुकडा त्याचसाठी मिळतो.

बिअरच्या नळाची मूठ

नांदेड-लातूरकडे बिअर म्हणजे प्रामुख्याने बाटलीतली. पिंपातून नळाने ग्लासात येणारी ताजी बिअर महाराष्ट्रात लोकांच्या ओळखीची झाली ती अलीकडे. पुण्यात २००९ साली दूलाली नावाची मायक्रोब्रुअरी सुरू झाली आणि जागेवरच बिअर बनवून नळाने देणाऱ्या ठिकाणांची चाल पडली. त्या नळांवर उंच लाकडी किंवा रंगीत मुठी असतात. मूठ पुढे ओढली की बिअर येते, मागे ढकलली की थांबते.

आट्यांच्या दृष्टीने ही मूठ घरच्या नळापेक्षा अगदी वेगळ्या जातीची आहे. तिच्यातून काहीच वाहत नाही. त्यामुळे तिला टेप नको, वायसर नको, सफेदा नको. तिची काळजी दोनच गोष्टींची: दिवसभर शेकडो वेळा ओढल्यावर ढिली पडू नये, आणि तिच्यावरचे नाव गिऱ्हाइकाकडेच तोंड करून राहावे. दुसरी अट ऐकायला किरकोळ वाटते, पण स्क्रूने बसणारी कुठलीही वस्तू शेवटच्या फेऱ्यात नेमकी हवी त्या दिशेला थांबत नाही. म्हणून नळाच्या दांडीवर एक छोटा नट असतो. मूठ हाताने पूर्ण फिरवायची, मग नाव समोर येईपर्यंत थोडी उलट फिरवायची आणि खालून तो नट वर आणून मुठीला टेकवून आवळायचा. नट आणि मूठ एकमेकांना ढकलतात आणि दोन्ही जागच्या जागी राहतात. हा नट हरवला की मूठ कितीही महाग असली तरी दुसऱ्या दिवशी आडवी झालेली दिसते.

आता तीन सूत. अमेरिकी पद्धतीच्या बिअर नळाच्या दांडीवर ३/८ इंची, इंचामागे १६ आट्यांचा स्क्रू असतो. तो ज्या मालिकेतला आहे, ती मालिका ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी १९४८ साली मिळून ठरवली. महायुद्धात एकमेकांचे सुटे भाग बसत नसल्याने जे हाल झाले, त्यातून हा करार आला. युरोपातल्या काही नळांवर मात्र मेट्रिक आटे असतात, आणि तिथे फसगत होते. १० मिलिमीटरचा मेट्रिक नट आणि तीन सुताची दांडी यांच्या व्यासात अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी फरक आहे. दोन आट्यांमधले अंतर एकाचे दीड मिलिमीटर, दुसऱ्याचे १.५८७५. मेट्रिक आट्यांची मूठ तीन सुताच्या दांडीवर काही फेरे सहज चढते. पुढे एकतर अडते, नाहीतर डुगडुगत राहते. जोर लावला की आट्यांचे दात मरतात, आणि मुठीबरोबर नळाची दांडीही बदलावी लागते.

मूठ इथेच लाकडात करून घ्यायची असेल तर आटे थेट लाकडात पाडू नयेत. लाकूड ओल धरते, फुगते, तंतूंच्या रेषेत चिरते. पितळेची किंवा पोलादाची आटे पाडलेली नळी आत बसवून घ्यावी, आणि तिची खोली निदान दांडीच्या व्यासाइतकी, म्हणजे १० मिलिमीटरच्या आसपास असावी. लेथवाल्याला नुसते ‘तीन सूत’ सांगून भागत नाही. जुन्या व्हिटवर्थ पद्धतीतही तीन सुताला १६ च आटे आहेत, पण कोन ५५ अंशांचा. तो नट अमेरिकी दांडीवर बऱ्याचदा चढतो, दात मात्र पूर्ण टेकत नाहीत. दिवसभर ओढाओढ सोसणाऱ्या मुठीला ते पुरत नाही. दांडी किंवा नमुन्याचा बोल्टच लेथवाल्याच्या हातात द्यावा.

लातूरचे पाणी, लातूरचे नळ

बिअर आणि पाणी यांची मराठवाड्यात एकदा कोर्टात गाठ पडली. २०१६च्या उन्हाळ्यात लातूरला पाणी पुरवणारे धनेगावचे मांजरा धरण आटले होते. मार्चमध्ये शहरात पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदीचे कलम १४४ लावावे लागले. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वेगाडी आली. १२ तारखेला पोहोचलेल्या पहिल्या गाडीत १० वाघिणी आणि सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. पुढे ५० वाघिणींची गाडी धावू लागली. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातल्या मद्यनिर्मिती कारखान्यांच्या पाण्यात मोठी कपात करण्याचा आदेश दिला.

त्या ५ लाख लिटरांचा हिशेब नळाच्या भाषेत मांडून पाहू. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला ८६,४०० थेंब सांडतो. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर दिवसाचे सव्वाचार लिटरांहून थोडे जास्त. असे सव्वा लाखाच्या आतले नळ एक दिवस ठिबकले की पहिली गाडी संपली. २०११च्या जनगणनेत लातूरची लोकसंख्या चार लाखांच्या जवळपास आणि नांदेडची साडेपाच लाखांच्या घरात होती. तेव्हा हा आकडा काही अवाच्या सवा नाही.

आपल्याकडे गळतीपेक्षा मोठा प्रश्न तोटीच नसलेल्या नळांचा. पाणी काही दिवसांआड येते. आले की मिळेल तेवढे भरायचे, म्हणून पाइपाचे तोंड उघडेच ठेवायचे आणि नळी हौदात सोडायची. हौद भरून वाहतो, पाणी गटारात जाते. पाणी गेल्यावर रिकाम्या पाइपात हवा ओढली जाते, आणि उघड्या तोंडातून गटारातली घाणही. पाणीटंचाई आली की नगरपालिका आणि महापालिका ‘नळाला तोट्या बसवा’ म्हणून दवंडी देतात, ती एवढ्यासाठी.

खंडित पुरवठ्यात तोटीही निराळी निवडावी लागते. पाणी सुटले की आधी हवा फुसफुसते, मग गढूळ पाणी वाळू-गंज घेऊन येते. पाव फेऱ्यात उघडणाऱ्या आधुनिक नळांत दोन गुळगुळीत सिरॅमिक चकत्या एकमेकींवर सरकतात. वाळूचा कण मध्ये गेला की त्यांवर चरे पडतात आणि नळ कायमचा ठिबकू लागतो. म्हणून पालिकेच्या थेट लाइनवर जुन्या पद्धतीची, फिरवून बंद होणारी, रबरी वायसरची पितळी तोटी बरी. वायसर काही रुपयांत बदलता येतो. सिरॅमिकचे नळ घरात, टाकीच्या लाइनवर लावावेत. दुकानदाराच्या तिसऱ्या प्रश्नाचा अर्थ हा.

टाकीच्या लाइनवर दुसरा शत्रू असतो. बेसाल्टच्या खडकातल्या बोअरचे पाणी अनेक ठिकाणी जड असते. त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार नळाच्या स्पिंडलवर पांढरे कवच धरतात. नळ जड फिरू लागतो, आपण जोर लावतो आणि चावी तुटते. नवी चावी आणायला जाताना स्पिंडलचे टोक बघावे: चौकोनी आहे की दातेरी. दातेरी असेल तर दात्यांची संख्या कंपनीगणिक बदलते, आणि एका दात्याचा फरक असला तरी चावी बसत नाही, किंवा बसून नुसती फिरते. मात्र चावी बदलण्याआधी स्पिंडल काढून थोडा वेळ व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या रसात ठेवावा. कवच विरघळले की बऱ्याचदा नवा नळ घेण्याची वेळच येत नाही.

खरेदीला जाताना

जुना भाग पिशवीत घालून न्या. नळाची तोटी असो की बिअरची मूठ, फोटोवरून आट्यांची संख्या कळत नाही. तो काढता येत नसेल तर इंचभर लांबीत किती आटे आहेत ते पट्टी लावून मोजा आणि बाहेरचा व्यास लिहून घ्या. पाणी आट्यांत अडणार आहे की वायसरवर, हे आधी ठरवा आणि मगच टेप मागा. प्लास्टिकला धातू जोडायचा असेल तर पितळी आट्यांचा जोड मागा. आणि दुकानातच, पैसे देण्याआधी, दोन्ही भाग हाताने एकमेकांत फिरवून बघा. निमुळत्या आट्यांचा जोड तीन-चार फेरे बोटांनी सहज फिरून मग आवळत गेला पाहिजे. सरळ आट्यांचा नट किंवा मूठ शेवटपर्यंत बोटांनीच गेली पाहिजे. मध्येच अडली तर ती वस्तू तुमची नाही. अशा वेळी पान्ह्याला हात लावू नका, वस्तू बदलून घ्या.